हवं होतं तेच झालं, तरी जीव का घाबरतो?

आरोग्य पाठ : ठरवून राहिलेलं गरोदरपण आणि मनाची घालमेल

गटाच्या बैठकीत गरोदर बाईचा विषय निघाला की आपण लोहाच्या गोळ्या, वजन, सोनोग्राफी, धनुर्वाताचं इंजेक्शन एवढ्यावर बोलतो आणि थांबतो. तिच्या मनाचं काय चाललंय हे विचारायचं राहूनच जातं. आजच्या पाठात तेच घेऊ. त्यातही अशा बाईबद्दल बोलू, जिनं मूल ठरवून होऊ दिलंय. दिवस गेले म्हणजे तिला नुसता आनंदच व्हायला हवा, असं सगळ्यांना वाटतं. पण ती मात्र तपासणीच्या पट्टीवरच्या दोन रेघा बघून एकाच वेळी हसते आणि घाबरते.

उदाहरण मुंबईच्या उपनगरातलं घेऊ. आपल्या गटांतल्या कितीतरी जणींच्या लेकी, सुना, बहिणी आज अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांत नांदतायत. बाळंतपणाला त्या गावी येतात, नाहीतर आपण डिंकाचे लाडू बांधून तिकडे जातो. फोनवर "बरी आहेस ना गं?" विचारलं की "हो, बरी आहे" एवढंच उत्तर येतं. त्या "बरी आहे"च्या मागे काय असू शकतं, ते समजून घ्यायचं आहे.

समजा, असं आहे

समजा, तुमची एक सून घाटकोपरला असल्फ्याच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत राहते. दहा बाय बाराची खोली, वर चढायला पायऱ्या, पाणी सकाळी ठरलेल्या वेळेला. ती मेट्रोनं मरोळ नाक्याला उतरून दागिन्यांच्या कारखान्यात कामाला जाते. लग्नाला तीन वर्षं झाली. नवरा-बायकोनं बसून ठरवलं होतं, खोलीच्या डिपॉझिटचं कर्ज फिटलं की मूल होऊ द्यायचं. कर्ज फिटलं. दोन-तीन महिने वाट पाहिली. पाळी चुकली, पट्टीवर दोन रेघा आल्या.

पहिल्या रात्री दोघं खूश. दुसऱ्या दिवशी मेट्रोत उभ्या उभ्या तिच्या मनात एकामागून एक यायला लागतं. सुपरवायझरला कधी सांगायचं? काढून तर टाकणार नाहीत? पायऱ्यांवरून पाय घसरला तर? शेजारणीचं तिसऱ्या महिन्यात गेलं होतं, माझंही तसंच झालं तर? बाळाला सांभाळणार कोण? सासूबाई गावाकडून येतील का, आल्या तर या खोलीत झोपायचं कुठं? आणि सगळ्यात खोल, कुणाला सांगता येत नाही असा विचार : आपण उगाच घाई तर केली नाही ना? हा विचार आला की लगेच दुसरा येतो : असं मनात आणणारी मी कसली आई?

मैत्रिणींनो, या शेवटच्या विचारानंच बाई गप्प होते. मूल नको असताना राहिलं असतं तर ती कुणाकडे तरी बोलली असती. पण मागून घेतलेल्या गोष्टीबद्दल तक्रार कशी करायची? म्हणून ती म्हणते, "बरी आहे."

दोन मनं असणं जुनंच आहे

आपल्या भाषेत गरोदर बाईच्या इच्छांना डोहाळे म्हणतात. जाणकार या शब्दाचं मूळ संस्कृतातल्या 'दौर्हृद' या शब्दाशी जोडतात. सुश्रुतसंहितेत गरोदर बाईला दोन हृदयांची बाई म्हटलं आहे, एक तिचं आणि एक पोटातल्या जिवाचं. जुन्या वैद्यांनी हे बाळाच्या इच्छांबद्दल लिहिलं. पण दोन हृदयं हा शब्द मनाच्या घालमेलीलाही चपखल बसतो. एक मन बाळाकडे धावतं, दुसरं आपल्या आजवरच्या आयुष्याला धरून राहतं.

मूल कधी हवं हे ठरवणंही काही कालचं नाही. र. धों. कर्वे यांनी मुंबईत १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून हाच विषय लोकांपुढे मांडला. त्यासाठी त्यांना कोर्टकचेरीही सोसावी लागली. आज गावातली आशाताईसुद्धा पाळणा लांबवायची साधनं देते. पण साधनांनी ठरते ती वेळ. त्या वेळी मनात काय काय येईल, ते कुणाला ठरवता येत नाही.

आपल्या गटाच्या वहीचंच बघा ना. एकाच पानावर जमाही असते आणि नावेही असतं. नावे बाजूला रक्कम आहे म्हणून जमा खोटी ठरत नाही. तसंच चिंता आहे म्हणून आनंद खोटा नसतो, आणि आनंद आहे म्हणून चिंता बिनकामाची नसते. हिशेब बिघडतो तो एक बाजू लपवली की.

घालमेल कशानं होते?

पहिलं कारण शरीर. दिवस गेले की शरीरातली संप्रेरकं झपाट्यानं वाढतात. मळमळ, उलट्या, थकवा, झोप मोडणं, वासानं जीव नकोसा होणं, उगाच रडू येणं हे पहिल्या तीन महिन्यांत पुष्कळ जणींना होतं. बहुतेकींना चौथ्या महिन्यापासून हलकं वाटायला लागतं. उपाशीपोटी लोकलच्या गर्दीत उभ्या असलेल्या बाईला "मला हे झेपणार नाही" असं वाटलं, तर त्यात निम्मा वाटा थकलेल्या शरीराचा असतो.

दुसरं कारण गर्भ पडण्याची भीती. दिवस गेल्याचं कळलेल्या गरोदरपणांपैकी साधारण १० ते १५ टक्के गरोदरपणं आपोआप संपतात, त्यातली बहुतेक पहिल्या १२ आठवड्यांत. म्हणून ही भीती खोटी नाही. पण कारण माहीत असू द्या. पहिल्या महिन्यांत गर्भ पडतो तो बहुतेक वेळा गर्भ बनतानाच त्याच्या गुणसूत्रांत दोष राहिल्यामुळे. घरातलं नेहमीचं काम केलं, जिना चढली, पपईची फोड खाल्ली, मनात वाईट विचार आला, म्हणून गर्भ पडत नाही. ज्या बाईचं आधी एकदा गेलं आहे तिला हे दोनदा सांगा. ती स्वतःलाच दोष देत असते.

तिसरं कारण पैसा आणि नोकरी. चौथं, माणसं : नवरा किती हात लावेल, सासू-आई कोण येईल, मुलगाच हवा म्हणून कुणी मागे लागेल का. पाचवं कारण कुणी बोलून दाखवत नाही. आपलं आधीचं आयुष्य आता संपणार, याचं वाईट वाटणं. स्वतःचा पगार, मैत्रिणींबरोबरचा लेडीज डबा, रविवारी उशिरा उठणं, या गोष्टी छोट्या दिसतात. पण त्या तिच्या असतात. त्यांच्यासाठी डोळ्यांत पाणी आलं तर बाळ नको आहे असा अर्थ होत नाही.

चिंतेची वही : चार रकाने

डोक्यात फिरणारी चिंता कागदावर उतरवली की तिचा आकार कळतो. लिहिता येत नसेल तर दुसरीकडून लिहून घ्या. एका पानावर चार रकाने पाडा.

पहिला रकाना : डॉक्टरांना विचारायचं. पायऱ्या चढू का, प्रवास करू का, थायरॉइडची किंवा इतर गोळी चालू ठेवू का, संबंध ठेवले तर चालतील का. सगळे प्रश्न लिहून न्या, कारण समोर गेल्यावर निम्मे विसरतात. मनाच्या आजाराची, फिटची, थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनानं बंद करू नका. आधी डॉक्टरांना दाखवा. दिवस गेल्याचं कळताच, १२ आठवड्यांच्या आत नाव नोंदवा आणि माता-बाल संरक्षण कार्ड घ्या. फॉलिक ॲसिडची गोळी पहिल्या तीन महिन्यांत, पुढे लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रावर मोफत तपासणी असते. मुंबईत महापालिकेचं आरोग्य केंद्र, 'आपला दवाखाना' आणि मोठी रुग्णालयं आहेत, जसं घाटकोपरचं राजावाडी, विलेपार्ल्याचं कूपर. बाळंतपण गावी करायचं असेल तर कार्ड आणि सगळे रिपोर्ट एका पिशवीत ठेवायचे आणि ती पिशवी बरोबर आणायची.

दुसरा रकाना : पैशाचं. इथे अंदाज नको, माहिती हवी.
- प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र बाईला पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये. अर्ज अंगणवाडीत किंवा आशाताईकडे.
- जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपण, गरज पडली तर सिझेरियनसुद्धा, औषधं, तपासण्या, रक्त आणि जेवण मोफत आहे.
- दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी नोकरी असेल आणि मागच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालं असेल, तर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्यानं मिळते. गरोदर आहे म्हणून कामावरून काढणं बेकायदा आहे. गर्भ पडला तरी सहा आठवड्यांची रजा आहे.
- पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआयचं कार्ड आहे का ते बघा. कार्ड असेल आणि वर्गणीचे ठरलेले दिवस भरले असतील तर रजेचे पैसे तिथून मिळतात.
घरकाम करणाऱ्या, घरी बसून नगावर काम करणाऱ्या बायांना ही रजा मिळत नाही. म्हणून त्यांनी पहिल्या महिन्यापासून थोडी थोडी रक्कम वेगळी टाकावी. गटाची मदत इथेच कामाला येते. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

तिसरा रकाना : घरात बोलायचं. पाणी कोण भरणार, सातव्या महिन्यानंतर जिन्याचं काय, बाळंतपण कुठं, कोण येणार, किती दिवस राहणार. "बघू, होईल सगळं" हे उत्तर चालवून घेऊ नका. नाव आणि महिना ठरवा. नवऱ्याशी बोलताना हेही लक्षात ठेवा की तोही घाबरलेला असतो. खर्चाचा हिशेब त्याच्याही डोक्यात चालू असतो, फक्त तो बोलत नाही. खासगी नोकरीत बापाला कायद्यानं रजा नाही, म्हणून सुट्ट्या आधीपासून साठवायला सांगा. रोजचा प्रवास असेल तर गरोदर बाईला लोकलच्या दिव्यांग डब्यात बसता येतं, हेही पुष्कळ जणींना ठाऊक नसतं. कार्ड जवळ ठेवावं.

चौथा रकाना : ज्यावर आपला हात नाही. गर्भ टिकेल का, बाळ कसं असेल, मुलगा की मुलगी. हे लिहायचं, एकदा वाचायचं आणि पान उलटायचं. मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या बीजावरून ठरतं, बाईच्या हातात नसतं. गर्भलिंग तपासणी १९९४ च्या केंद्रीय कायद्यानं गुन्हा आहे. महाराष्ट्रानं तर १९८८ सालीच तसा कायदा केला होता. घरचं कुणी त्यासाठी जोर करत असेल, मारझोड होत असेल, तर १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा.

एक महिन्यानं वही पुन्हा काढा. पहिल्या तीन रकान्यांतल्या बऱ्याच ओळींवर काट मारलेली दिसेल. चिंता सगळी जात नाही, पण तिचं ओझं कमी होतं.

तीन महिने कुणाला सांगायचं नाही?

ही आपली जुनी रीत. त्यामागे गर्भ टिकेल की नाही ही धाकधूक आहे. गावभर, चाळभर सांगू नये, ठीक. पण कुणालाच न सांगणं वेगळं. पहिले तीन महिनेच सगळ्यात जास्त त्रासाचे असतात आणि तेव्हाच ती एकटी पडते. दुर्दैवानं गर्भ गेला तर दुःखही तिला एकटीलाच गिळावं लागतं, कारण कुणाला माहीतच नसतं. म्हणून नवऱ्याशिवाय निदान दोन विश्वासाच्या माणसांना सांगावं. आई, बहीण, जाऊ, शेजारीण, कोणीही. आणि डॉक्टरांना लगेच.

नेहमीची घालमेल कुठे संपते, आजार कुठे सुरू होतो?

घालमेल येते आणि जाते. सकाळी रडू आलं, दुपारी डब्यातलं लोणचं खाऊन बरं वाटलं, रात्री बाळाचं नाव काय ठेवायचं यावर हसणं झालं, तर ही घालमेल आहे. एखाद्या दिवशी रडल्यानं पोटातल्या बाळाला काही होत नाही. तिला त्याची धास्ती घालू नका.

पण हे दोन प्रश्न तिला विचारा. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास, निराश वाटत होतं का? गेल्या दोन आठवड्यांत कशातच गोडी वाटत नव्हती, असं होतं का? एकाचंही उत्तर "हो" आलं तर तिला डॉक्टरांकडे न्या. त्याशिवाय झोप येत नाही, छातीत सारखी धडधड, जेवण सुटलं, तपासणीला जायलाही मन नाही, सारखी एकच भीती डोक्यात, हीही लक्षणं आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे आपल्यासारख्या विकसनशील देशांत गरोदरपणी १५.६ टक्के आणि बाळंतपणानंतर १९.८ टक्के बायांना मनाचा आजार होतो, मुख्यतः नैराश्य. म्हणजे सहा-सात गरोदर बायांमागे एक. मूल ठरवून झालेलं असलं तरी हा आजार होऊ शकतो. त्यावर उपचार आहेत. बोलण्याचे आहेत आणि गरज पडली तर गरोदरपणी चालतील अशा औषधांचेही आहेत. उपचार केले नाहीत तर बाई जेवत नाही, तपासणी टाळते, आणि त्याचा बाळाच्या वजनावर परिणाम होऊ शकतो.

टेली मानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६. दिवसरात्र चालू, मोफत, मराठीत बोलता येतं, नाव सांगितलंच पाहिजे असं नाही. जीव नकोसा झाला, मरून जावंसं वाटतं असं ती एकदाही बोलली, तर उद्यावर टाकू नका. तिला एकटी सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

शरीराची लक्षणंही लक्षात असू द्या. रक्त जाणं, पोटात जोराची कळ, ताप, पाणीही पोटात न ठरणं, चक्कर येऊन पडणं, पुढच्या महिन्यांत डोकं फार दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर-हातांवर सूज. यातलं काहीही दिसलं तर थेट दवाखाना, गाडी नसेल तर १०८.

काय म्हणावं, काय म्हणू नये

"नवस केला होतास ना, मग आता रडतेस कशाला?" हे म्हणू नये. "आमच्या वेळी आम्ही नवव्या महिन्यापर्यंत शेतात जायचो." हेही नको. तेव्हा आपणही घाबरलो होतो, फक्त विचारणारं कुणी नव्हतं. "वाईट विचार केलास तर बाळावर उठेल." हे तर मुळीच नको.

त्याऐवजी असं बोलून बघा. "दिवस गेल्याचं ऐकून आनंद झाला गं. तुला कसं वाटतंय? खरं सांग." "मलाही भीती वाटली होती." "सगळ्यात जास्त कशाची काळजी वाटते?" आणि मग गप्प बसून ऐकायचं. उपाय लगेच सांगायचा नाही. फोनवर सून "बरी आहे" म्हणाली, तर आणखी एक प्रश्न विचारायचा : "आणि मन?"

गटानं काय करायचं?

आपल्या गटातली एखादी बाई गरोदर राहिली की ती हळूहळू बैठकीला येईनाशी होते, हप्ता थकतो आणि मग लाजेनं ती गटापासूनच तुटते. हे थांबवणं आपल्या हातात आहे. पुढच्या बैठकीत चर्चा करून ठराव घ्या आणि इतिवृत्तात लिहा.
- गरोदर आणि बाळंत सदस्येच्या अंतर्गत कर्जाचा हप्ता किती महिने पुढे ढकलायचा किंवा कमी करायचा, आणि तेवढ्या काळात दंड लावायचा नाही.
- तिची बचत घरी जाऊन गोळा करायची, म्हणजे भेटही होते.
- गटाच्या निधीतून दवाखान्याच्या प्रवासासाठी तातडीची छोटी उचल.
- प्रत्येक गरोदर सदस्येमागे एक 'सोबतीण' ठरवायची. तिनं दर आठवड्याला एकदा भेटायचं किंवा फोन करायचा, आणि ते दोन प्रश्न महिन्यातून एकदा विचारायचे. ऐकलेलं बैठकीत सांगायचं नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. तुम्हाला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा कशाची भीती वाटली होती? ती कुणाला सांगितली होती?
२. आपल्या गावातून मुंबईला गेलेल्या किती लेकी-सुना सध्या गरोदर आहेत? या आठवड्यात त्यांना फोन कोण करणार?
३. आपल्या गटाच्या नियमांत गरोदर सदस्येसाठी आज काय सवलत आहे? नसेल तर काय असावी?
४. डोहाळजेवणाला आपण ओटी भरतो, गाणी म्हणतो. त्याच दिवशी तिच्या शेजारी बसून, तिच्या मनातलं ऐकायला कोण बसेल?

चारही प्रश्नांची उत्तरं वहीत लिहून ठेवा आणि प्रभाग बैठकीला घेऊन या. बाकीच्या गटांनी काय ठरवलं, तेही तिथे ऐकू.